शिक्षणमंत्री साहेब, खिचडी शिजायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे, ऑटिझम आहे त्याला. तो काय खातो ते सांगते: कोरा भात, दूध, उकडलेला बटाटा, पोळी आणि एकाच कंपनीची बिस्किटं. संपलं. पोळीवर करपलेला एक ठिपका दिसला तरी ताट सरकवतो, बिस्किटाच्या पुड्याचा रंग बदलला तर चार दिवस हात लावला नाही. हे नखरे नाहीत हो साहेब. वास, रंग, चिकटपणा त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

आणि शाळेत खिचडी, म्हणजे सगळं कालवलेलं. शाळेत दुपारचं जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रोटीन ठरलंय, त्यातलं माझ्या मुलाच्या पोटात काहीच जात नव्हतं. "भूक लागली की खाईल" म्हणत शाळेने घरचा डबा बंद करायला लावला, एकदा तर जबरदस्तीने घास भरवला, तो ओकला आणि नंतर दोन महिने जेवणाची घंटा झाली की कान दाबून व्हरांड्यात पळायचा.

गेल्या पावसाळ्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांचे डॉक्टर झाले, शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, फळं-भाजी खातो का? व्हिटॅमिन सी कमी निघालं. वजन बरोबर होतं म्हणून शाळेतल्या तपासणीत कुणाला काही दिसलंच नाही, उंची-वजन घेतलं पण काय खातो हे कोणी विचारलं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, मग पोषण आहाराच्या जीआरमध्ये या मुलांसाठी चार ओळी घाला ना. भात-आमटी वेगळं वाढा, घरचा डबा चालू द्या, सक्ती नको, बसायला शांत कोपरा द्या, आणि आरोग्य खात्याशी बोलून तपासणीत खाण्याचा प्रश्न घाला. नुसत्या भाताने पोषण होत नाही हे मला कळतं, पण जेवणाची भीती गेली तरच नवीन पदार्थ जवळ नेता येतो, आधी ताटाशेजारी नुसता ठेवायचा, मग हात लावू द्यायचा, मग वास, मग जिभेला, यात महिने जातात.

आमच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशी तीन आठवड्यांपासून स्वतःहून मूठभर तांदूळ छोट्या पातेल्यात वेगळा शिजवतात. तो वर्गात बसून खातो. उद्या मावशी बदलल्या तर काय, म्हणून हे कागदावर हवंय.

आपली नम्र,
एक आई