ठिपका मागे सरकला त्या रात्रीविषयी

डरबन, 14 नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी रात्री नौकेचा माग दाखवणाऱ्या नकाशावरचा आमचा ठिपका पुढे जाण्याऐवजी मागे सरकताना पाहून बाबांचा रक्तदाब 180 वर गेला, हे मला दादाकडून कळले, आणि तेही डरबनच्या धक्क्याला नौका बांधून झाल्यावर. तुम्ही मला सांगितले नाहीत म्हणून आधी राग आला. मग आठवले, की मीही त्या रात्री ‘सर्व ठीक, विश्रांती घेत आहोत’ एवढाच निरोप पाठवला होता. फोनवर बाबा मध्येच प्रश्न विचारतात आणि आई रडू लागते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मॉरिशस ते डरबन हे अंतर सुमारे दीड हजार सागरी मैल आहे. मादागास्करच्या दक्षिणेला वळसा घालीपर्यंत आमचे दिवस इतके सुखाचे गेले, की त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. किनारा दीडशे मैलांवर असताना वायुभारमापक झपाट्याने उतरला, ईशान्येचा वारा पडला आणि थोड्याच वेळात नैर्ऋत्येकडून 35 ते 40 नॉटचा, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासचा वारा सुटला. त्या किनाऱ्याला लागून अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि काही ठिकाणी त्याचा वेग चार-पाच नॉट असतो. समोरून वादळी वारा आला की त्या प्रवाहात लाटा आखूड, उंच आणि भिंतीसारख्या उभ्या होतात. मोठ्या मालवाहू जहाजांचेही त्यांनी नुकसान केलेले आहे. बाबा, बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला की पूल ओलांडायचा नाही, पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचे, असे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. आम्ही नेमके तेच केले.

भर समुद्रात नांगर टाकून थांबता येत नाही. मोठे शीड अगदी लहान करायचे, पुढचे छोटे शीड मुद्दाम उलट्या बाजूला ताणायचे आणि सुकाणू एका बाजूला बांधून ठेवायचे, म्हणजे नौका वाऱ्याकडे तिरके तोंड करून जवळजवळ जागच्या जागी तरंगते आणि वाऱ्याच्या रेट्याने ताशी एखादा मैल मागे सरकते. तुम्ही पाहिलात तो हाच मागे सरकणारा ठिपका. आम्ही तीस तास तसे काढले आणि वारा आग्नेयेला फिरल्यावर प्रवाह ओलांडला. नौकेतला आवाज भयंकर होता, हे खोटे सांगत नाही. पण डेकवर पाऊल ठेवण्याआधी प्रत्येकाचा पट्टा नौकेला अडकवलेला असे. माझे डावे मनगट आपटले, त्याचा एक्सरे काढला आहे आणि हाड शाबूत आहे.

खाण्याची आबाळ झाली नाही. आमची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली आहे. नौका कितीही कलली तरी भांडे सरळच राहते. आई, तू दिलेल्या मेतकुटाबरोबर चौघांनी खोलगट वाडग्यांतून गुरगुट्या भात खाल्ला. (लीलो चिवडा मात्र बंदर सुटायच्या आधीच संपला.) झोपायच्या फळीला जाड कापडाची कड बांधलेली असते, म्हणजे माणूस खाली पडत नाही. त्या रात्री तिला पाठ टेकून पडले तेव्हा, मी पलंगावरून पडू नये म्हणून तू दोन्ही बाजूंना लोड लावायचीस, ते आठवले आणि मला खरोखरच झोप लागली.

आता जे लिहायचे तीन दिवस टाळले ते लिहिते. मी इथून विमानाने परत येत नाही; केपटाऊनपर्यंत नौकेबरोबर जायचे ठरले आहे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी हजर राहीन असा शब्द दिला होता आणि तो मोडते आहे. मी उतरले तर तिघांनाच रात्रंदिवस पाळ्या कराव्या लागतील आणि ऐन वेळी चौथा माणूस मिळत नाही, हे खरे आहे. पण आई, एवढेच कारण असते तर मी काहीतरी मार्ग काढला असता. मला हा प्रवास पुरा करायचा आहे, हेही तितकेच खरे.

एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांना 2018 मध्ये झालेल्या अपघाताचे कात्रण बाबांनी जपून ठेवले आहे, हे मला माहीत आहे. ते पर्थपासून सुमारे 1900 सागरी मैलांवर एकटे होते आणि तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. आम्ही चौघे आहोत, किनारा जवळ आहे आणि संकटाचा इशारा उपग्रहाकडे पाठवणारे यंत्र नौकेवर आहे. शिवाय तेच टॉमी 2022 मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले; ते कात्रण तुम्ही का ठेवले नाहीत?

शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नये. दादा आणि वहिनी दोन दिवस आधी बडोद्याला येतील, आणि डोळ्यांत थेंब वहिनीच घालेल. बाबांचा हात थरथरतो, त्यांनी हट्ट करू नये. बाबांनी रक्तदाबाची गोळी नाश्त्याबरोबर घ्यावी, ‘फिरून आल्यावर’ नव्हे. नकाशा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच पाहायचा. तुम्हाला हे सांगायचा मला अधिकार नाही. 2024 च्या पुरात तुम्ही वरच्या मजल्यावर अडकला होता तेव्हा मी पुण्यात बसून बडोद्यातल्या काळाघोड्याच्या पुलावरचा पाण्याच्या पातळीचा आकडा दर तासाला पाहत होते आणि आई फोनवर ‘खिचडी टाकली आहे’ एवढेच सांगत होती. अंगणात मगर आली होती, हे मला दिवाळीत कळले.

हवामानाने उघडीप दिली तर गुरुवारी पहाटे निघू. ठिपका आधी किनाऱ्यापासून थोडा दूर, प्रवाहाबरोबर, नेहमीपेक्षा वेगाने जाताना दिसेल. तो अचानक किनाऱ्याकडे वळला, तर नैर्ऋत्येचा वारा येतो आहे आणि आम्ही 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत, लाटा लहान असतात तिथे सरकलो आहोत, असे समजावे. वाटेतल्या ईस्ट लंडन बंदराला पोहोचले की आधी आईला फोन करीन. पट्टी सुटली असेल तर तिनेच नंबर वाचून उचलावा.

तुमची,
धाकटी