दोष अर्थिंगचा, भुर्दंड सुट्या भागांचा

संपादक महोदय,

रावेरच्या केळीबागेत मी रोज माझ्या बारा व्होल्टच्या जुन्या मोटारसायकलवर जातो. पावसाळ्यात हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर मंदावले. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करण्यासाठी एसी वीज डीसी करणारा भाग), दोष तसाच. शेवटी मी स्वतः मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, पण हॉर्न दाबून बॅटरीचे ऋण टोक ते चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) मोजले तर दीड व्होल्ट! तिथे जवळपास शून्य हवे. अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीची ऋण तार चासीला जोडणाऱ्या, बोल्टखाली गंज चढला होता आणि तिथेच वीज अडत होती. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला आणि हॉर्न खणखणीत झाला. आमच्या भागात दुधापासून खतापर्यंत सगळे याच गाड्यांवर चालते. आयटीआयने गावोगावच्या मेकॅनिकांना ही मोजणी शिकवावी. नवा भाग टाकण्याआधी दोन मिनिटे मीटर लावायला काय हरकत आहे?

– एक केळी उत्पादक, रावेर (जि. जळगाव)