लॉगबुकातली ती एक ओळ

आदरणीय काका,

परवा प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर तुम्ही आहात, पण मार्गदर्शक, निधी देणारी संस्था, ग्रंथालय असं सगळं लिहून झाल्यावर तळाशी एका ओळीपुरतीच जागा उरली. ती ओळ मला टोचतेय, म्हणून हे पत्र.

तुम्ही विचारलं होतंत, "पोरी, या काळ्या पाण्यात आहे तरी काय?" तेव्हा मी इतकी रडवेली होते की धड उत्तरही दिलं नाही. कार्बनच्या नळ्या, काका. जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बनतात सगळ्या एकत्रच. साधारण तीनातली एक धातूसारखी वीज वाहते, बाकीच्या दोन अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर. ट्रान्झिस्टरला अर्धवाहकच लागतात, त्यात एक धातूची शिरली की सगळं बिघडतं. चाळणी लावावी तर आकारात फरकच नाही. २००३ मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रुहला क्रुप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विजेनं निवडून दाखवलं. साबणाच्या पाण्यात नळ्या सोडायच्या, थेंब चिपवरच्या दोन इलेक्ट्रोडवर ठेवायचा आणि १० मेगाहर्ट्झचा एसी, म्हणजे सेकंदाला कोटी वेळा उलटसुलट होणारी वीज, लावायचा. धातूच्या नळ्या खेचल्या जाऊन इलेक्ट्रोडला चिकटतात, अर्धवाहक पाण्यात राहतात. फ्रीक्वेन्सी कमी पडली तर मात्र साबणातल्या आयनांमुळे अर्धवाहकांच्या अंगावरूनही वीज वाहते आणि त्याही येऊन बसतात.

माझं आठ महिने काय चाललं होतं? कमी फ्रीक्वेन्सीला सगळ्याच चिकटायच्या, १० मेगाहर्ट्झला एकही नाही.

तो एसी देणारं यंत्र, म्हणजे सिग्नल जनरेटर, विकणाऱ्यांचा माणूस दोनदा आला. १ किलोहर्ट्झला तपासलं, सगळं ठीक म्हणाला आणि लॉगबुकात 'ऑपरेटर एरर' लिहून चहा पिऊन गेला. दोन्ही वेळा. ते पान प्रयोगशाळेत येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचायचा. एका वरिष्ठांनी तर "मुलींनी सिम्युलेशन करावं" असा मोफत सल्लाही दिला. (ते सिम्युलेशन त्यांना स्वतःला येत नाही, ही गोष्ट वेगळी.)

तुम्ही खरं तर ट्यूबलाइट बदलायला आला होतात. शिडीवरून उतरलात, स्टूल ओढलंत आणि मला म्हणालात, "जनरेटरच्या पडद्यावर काय दिसतं ते ऱ्हाऊ दे. चिपपाशी किती पोचतंय ते मोजलंस का?" नव्हतं मोजलं. वाढलेलं पानात पडलं की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब चिपपाशी धरलात. १ किलोहर्ट्झला पूर्ण १० व्होल्ट. १० मेगाहर्ट्झला जेमतेम दीड. खेचणारं बल व्होल्टेजच्या वर्गानं घटतं, म्हणजे चाळीसपटीहून कमी! जनरेटरकडच्या जोडाला आतून गंज चढला होता. कमी फ्रीक्वेन्सीला तो जोड काही जाणवू देत नव्हता. वरच्या फ्रीक्वेन्सीला मात्र जोडाचा रोध आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून सिग्नल खाऊन टाकत होते. तुम्ही जोड कापलात, नवा सोल्डर केलात, वर कापडी टेप गुंडाळलीत. रोझिनचा वास अजून आठवतो.

पण मी हे पत्र जोडासाठी लिहीत नाहीये.

जाताना तुम्ही लॉगबुक मागितलंत. चष्मा कपाळावरून खाली घेतलात, दोन्ही 'ऑपरेटर एरर'वर पट्टी ठेवून एकेक सरळ रेघ मारलीत आणि खाली बॉलपेननं लिहिलंत: 'केबल खराब होती. मुलीची चूक नाही.' सही, तारीख, वेळसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं. पगारात तर ते नव्हतंच. चूक कुणाची नव्हती हे कागदावर मांडायला इथे भल्याभल्यांचा हात जड होतो, आणि तुमच्या हातात तर अजून ट्यूबचा स्टार्टर होता.

पुढच्याच आठवड्यात चिकटलेल्या नळ्यांचा रामन वर्णपट घेतला, म्हणजे लेझर टाकून परत विखुरलेला प्रकाश तपासला. त्यातला जी-बँड हा कार्बनचा ठळक उंचवटा रुंद आणि एका बाजूला कललेला, म्हणजे धातूच्या नळ्या. मी वर्कशॉपमध्ये धावत आले, तर तुम्ही रजेवर होतात, आणि पेढे मोटार वाइंडिंगवाल्यांनी संपवले.

त्या पानाची झेरॉक्स मी घरी ठेवलीय. केबल अजून तीच आहे. टेपवर कुणीतरी मार्करनं 'काकांची, हलवू नये' असं लिहिलंय. अक्षर माझं नाही.

तुमची,
काळ्या पाण्यावाली