पित्तनलिकेतील खड्यांच्या रोबोटिक शस्त्रक्रियेचा विमा दावा फेटाळल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा कंपनी

महोदय,

माझ्या आईच्या पित्तनलिकेतील खडे रोबोटिक शस्त्रक्रियेने काढावे लागले. तिचा दावा तुम्ही पूर्णपणे नाकारला. पत्रातली कारणे वाचून मला संताप आला, कारण सोबत जोडलेली कागदपत्रे कुणी उघडलेली दिसत नाहीत.

पित्ताशय पूर्वीच काढले असल्याने खडे होणे शक्य नाही, असे तुम्ही लिहिता. हे चूक आहे. पित्ताशय काढण्याआधी निसटलेला खडा नलिकेत राहू शकतो, पुढे नलिकेतच नवाही तयार होतो. आईला कावीळ होती, थंडी वाजून ताप भरत होता. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की जिवावर बेतते. एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआय तपासणीच्या, अहवालात खडे स्पष्ट नोंदलेले आहेत.

तुमचे दुसरे म्हणणे असे, की एन्डोस्कोपीने भागले असते आणि रोबोटिक पद्धत प्रायोगिक आहे. ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतले खडे काढणे, हा सहसा पहिला उपाय, हे मलाही मान्य. पण आईच्या जठराचा काही भाग पूर्वी काढून आतडे जोडलेले आहे. त्यामुळे तोंडातून घातलेली दुर्बीण नलिकेच्या मुखापर्यंत पोहोचलीच नाही. प्रयत्न झाला, फसला, आणि डिस्चार्ज कार्डावर तसे लिहिले आहे. मग नलिका उघडून खडे काढणे, आत एकही उरला नाही ना हे बारीक दुर्बिणीने पाहणे आणि नलिका पुन्हा शिवणे, हाच मार्ग होता. ही नलिका एरवी साधारण ६ मिलिमीटर रुंद असते, त्यात आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली. अशा जागी टाके घालायला मनगटासारखी वळणारी उपकरणे लागली, तर त्यात चैन कसली? रोबोट आपल्या मनाने काही करत नाही, कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण पटलावर, बसलेले सर्जनच प्रत्येक टाका घालतात. दा विंची या रोबोटिक यंत्रणेला पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने २००० सालीच मान्यता दिली. मग तिला प्रायोगिक कोणत्या आधारावर ठरवले?

रोबोटच्या जादा खर्चावर पॉलिसीत मर्यादा असेल, तर ते कलम दाखवा आणि तेवढीच रक्कम कापा. पण भूल, औषधे, खाटेचे भाडे, सर्जनचे शुल्क हे सगळेच कसे नाकारता?

पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडून दाव्याची फेरतपासणी करावी आणि निर्णय कलम क्रमांकासह लेखी कळवावा, ही मागणी आहे. एमआरसीपी अहवाल, ईआरसीपीची नोंद, शस्त्रक्रियेचा तपशील आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती पुन्हा जोडल्या आहेत.

आपला,
पॉलिसीधारक