बांधीव ‘बालबोध’ आणि आपलं हस्तलिखित

प्रिय सदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, शिव्या घाल. कारण मात्र ऐक. ग्रंथालयाच्या माळ्यावर ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकाचे बांधीव अंक सापडले आणि मी तिथेच मांडी ठोकून बसलो. कसर लागून काही पानांची जाळी झालीय. पान उलटलं की कोपरा बोटालाच चिकटून येतो, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून वाचतो.

विनायक कोंडदेव ओक यांनी हे १८८१ मध्ये सुरू केलं आणि १९१४ मध्ये वारले तोवर चालवलं. अंकाचा साचा ठरलेला: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि उरल्या जागेत किरकोळ माहिती. जवळजवळ सगळं एकहाती! आपल्याला शाळेतल्या हस्तलिखिताचा एक अंक काढताना घाम फुटला होता, आठवतंय ना?

मी शोधत होतो देशभक्ती. आपल्या अंकात होती तशी: मुखपृष्ठावर झेंडा, आत तीन ‘जय’ आणि पाच उद्गारचिन्हं. इथे तसलं काही हाती लागेना. आधी हिरमुसलोच. मग उमगलं की ती त्या ठरीव साच्यातच मुरलेली आहे. चौथीपाचवीतल्या पोराला थोरांची चरित्रं आणि शास्त्र मराठीतून, त्याला झेपेल अशा वाक्यांत द्यायचं, आणि तेही दरमहा, हेच ओकांचं देशकार्य. माणूस शिक्षणखात्यातला. शिवाय दिवसही जपून लिहिण्याचे. राजद्रोहाचं १२४अ कलम १८७० पासून होतंच. ‘शालापत्रक’ मासिक तर सरकारीच, पण त्यातली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी सरकारला जड जाऊ लागल्यावर १८७५ मध्ये ते बंदच झालं. तरी ओकांचा संयम मला निव्वळ भीतीचा वाटत नाही. लाचखाऊ कचेरीवर ‘शिरस्तेदार’ कादंबरी लिहिणारा माणूस भित्रा कसा म्हणू?

चरित्रं मात्र कधीकधी फार गुळगुळीत वाटतात. थोर माणूस लहानपणापासूनच थोर! आपण वर्गात अशांनाच ‘शहाणा’ म्हणून चिडवायचो. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ आला, तेही मुलांचंच मासिक. त्याच्या नावातच मला सुटका दिसते: आता पोरांना हसायलाही परवानगी.

आता एक कबुली. आपल्या हस्तलिखितातली ‘माझी मायभूमी’ ही कविता, जिच्यासाठी बाईंनी माझी पाठ थोपटली, ती मी घरातल्या एका जुन्या अंकातून उतरवली होती. दोन ओळी फक्त माझ्या, आणि त्यांतच वृत्त मोडलंय. तू तेव्हा म्हणालास, “शेवट जरा लंगडतोय.” मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

ते हस्तलिखित तुझ्याच ट्रंकेत असणार, लाल शाईच्या किल्ल्याचं चित्र असलेलं. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू