विक्रांतला कुणाचं तरी देणं असू दे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहितेस त्या व्हिडिओ गेममधल्या विक्रांतची पानं वाचली. आधी सरळ वाचली, मग पेन्सिल घेऊन बसलो. तू बजावलं होतंस की बाप म्हणून वाचू नका, पुरुष म्हणून वाचा आणि हा माणूस खरा वाटतो का ते सांगा. तर सांगतो. नाही वाटला.

पहिल्याच पानावर त्याची बायको मरते. तिला तू नावही दिलेलं नाहीस. तिसरं पान संपेपर्यंत त्याने अकरा जणांना मारलंय आणि तो जेमतेम नऊ वाक्यं बोललाय. गालावर व्रण, आवाज खर्जातला, वर धो धो पाऊस. तुला तो फार सोसलेला वाटतो. मला मात्र तो रजेवर असलेला माणूस वाटला. घर गेलं, संसार गेला, संध्याकाळी कुणाला उत्तर द्यायचं नाही आणि हातात तलवार. ज्याचं सगळंच गेलं त्याला अडवणारं कुणी उरत नाही गं. अशा माणसाचं दुःख दाखवायला सोपं असतं, म्हणून खेळांमधून असे विधुर गल्लोगल्ली सापडतात.

तू सांगितलंस म्हणून ओमबरोबर 'रेड डेड रिडेम्पशन २' हा गेम पाहिला. दिवाळीपासून तो रात्री जेवणानंतर खेळायचा आणि मी शेजारी बसायचो. तुझ्या आईने दोन-तीन दिवस बघून विचारलं, "हा घोड्यावरून नुसता हिंडतो, कामधंदा काय करतो?" प्रश्न रास्त होता. १८९९ सालच्या अमेरिकेत दरोडेखोरांचा कामधंदा बसतच चालला होता, आणि खेळाचा नायक, दरोडेखोर आर्थर मॉर्गन, याचं अर्धं दुखणं तिथलंच आहे.

पण मला बोलायचंय ते डाउन्सबद्दल. आर्थरच्या, म्हणजे व्हॅन डर लिंडच्या, टोळीत स्ट्रॉस नावाचा एक इसम गरिबांना भरमसाट व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. थॉमस डाउन्स हा त्यातला एक कर्जदार. हा माणूस आपल्याला आधीच भेटलेला असतो: व्हॅलेंटाइन गावात आर्थर चिखलात एकाला बेदम बडवत असतो, तेव्हा 'पुरे करा' म्हणत मध्ये पडणारा हाच. आता आर्थर त्याच्या दारात जातो आणि बायको-मुलाच्या देखत त्याला मारतो. मार खाता खाता डाउन्स खोकतो आणि आर्थरच्या तोंडावर रक्त उडतं.

ओमने त्या वेळी मुद्दाम कंट्रोलर माझ्या हातात दिला होता. मी जरा थांबलो, वाटलं काही वेगळं करता येईल. नाही करता येत. बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. नाटकात नट मारतो आणि आपण खुर्चीत बसून त्याला नावं ठेवतो. इथे मारणारा अंगठा माझा होता, त्यामुळे नावं कुणाला ठेवायची हा प्रश्नच होता.

रक्त उडालं तसं मी म्हणालो, "झालं." ओमला काही कळेना. माझी सगळी नोकरी क्षयरोगाच्या कार्यक्रमात गेली, मला पुढचं दिसलं. खरं तर एका खोकल्यात असं सहसा होत नाही. बंद खोलीत रोजचा सहवास असेल तर लागण व्हायची शक्यता जास्त, आणि लागण झालेल्यांतही बहुतेकांना आजार होतच नाही. पण लेखकांना मी एवढी सूट देऊन टाकली. रोग कुठूनही येऊ शकला असता. तो त्यांनी आर्थरच्या ताकदीच्या पोटातून काढला. ज्या ठोशाने तो वसुली करतो, त्याच ठोशाने तो मरणार आहे.

पुढे सेंट डेनिस शहरात तो भर रस्त्यात कोसळतो. डॉक्टर तपासतो, रोगाचं नाव सांगतो आणि सल्ला देतो की कोरड्या, उबदार हवेत जा, आराम कर. दुसरं तो तरी काय सांगणार? रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला १८८२ साली, पण स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडायला १९४३ उजाडलं. तोवर जगभर मुख्य उपचार हाच होता: हवा, विश्रांती, खाणंपिणं. आपल्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियमही त्याच विचाराचं.

निदान झाल्यावर पुरुष काय करतो, हे मी नोकरीभर पाहिलं. आमच्या रुग्णांत बायकांपेक्षा पुरुष जास्त. 'मी मरेन का' असं त्यांतले फार थोडे विचारायचे. पहिला प्रश्न असायचा, कामावर कधी जाऊ. दुसरा, घरी सांगायलाच हवं का. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाने लघवी लाल होते. ती लाल दिसली की तालमीत घुमणारा गडी टरकून गोळ्या बंद करायचा. त्याच्या घरी गेलो की मात्र तो 'घाबरलो' म्हणायचा नाही. 'आता बरं वाटत होतं, म्हणून सोडल्या' म्हणायचा. त्याच्या पाठीमागे उभी असलेली बायको माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची.

आर्थर तसाच. डॉक्टरकडून बाहेर पडतो आणि गाजावाजा न करता पुढच्या कामाला लागतो. चेहरा उतरत जातो, डोळे लाल होतात, खोकल्याने वाक्य तुटतं, पण घोड्यावर बसणं थांबत नाही. लिहिणारे क्षयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून गेलेत की काय असं वाटावं, इतकं हे बरोबर आहे. आवाज आणि हालचाल ज्याची आहे, त्या रॉजर क्लार्कला २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मला वाटतं, ते त्याच्या खोकल्यालाच द्यायला हवं होतं.

मग रेल्वे स्टेशनवरचा तो बाकडा. सिस्टर काल्डेरॉन नावाची नन गाडीची वाट बघत बसलेली असते. तोवर खेळणारा कसा वागला यावर तिथे कोण भेटणार ते ठरतं. ओमच्या कृपेने आम्हाला सिस्टर भेटली. तिच्याजवळ हा सहा फुटी दरोडेखोर कबूल करतो की मला भीती वाटते. मधले कितीतरी तास त्याने गाड्या लुटल्या, माणसं लोळवली, अस्वलांशी झुंजला. त्या सगळ्यात त्याला जड गेलेलं काम हे एवढंच. आणि ते त्याने टोळीतल्या एकाही मित्रापाशी केलेलं नाही. गावाला निघालेल्या, पुन्हा न भेटणाऱ्या बाईपाशी केलं. माझे रुग्णही एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्याला सगळं सांगायचे आणि सख्ख्या भावापासून लपवायचे.

आता तुझ्या विक्रांतची बायको आणि आर्थरचा मुलगा शेजारी ठेवून बघ. आर्थरला आयझॅक नावाचा मुलगा होता. मुलाची आई एलायझा. अधूनमधून तो त्यांच्याकडे जाऊन राहायचा. एकदा गेला तर अंगणात दोन क्रूस. दहा डॉलरसाठी कुणीतरी दोघांनाही मारलं होतं. दुसऱ्या एखाद्या खेळाने याचाच पहिला प्रसंग केला असता, वर व्हायोलिन लावलं असतं. इथे ही गोष्ट कितीतरी तासांनी येते, घोड्यावरून जाता जाता, चार-सहा वाक्यांत. आणि ऐकणारा रेन्स फॉल हा स्वतःची माणसं गमावलेला मूळनिवासींचा म्हातारा प्रमुख. आर्थर त्या दुःखाचा उपयोग करत नाही. त्याच्या नावाने कुणाला मारत नाही. मला वाटतं, तुझ्या पानांत नेमकं हेच उलटं झालंय: बायकोचं मरण हा विक्रांतला मिळालेला परवाना आहे.

तू म्हणशील, अबोल पुरुष असतातच की. असतात. पण अबोल माणूस कुठेतरी बोलतो, आणि लेखकाने ती जागा शोधायची असते. आर्थर वहीत बोलतो. छावणीत स्वतःला मठ्ठ म्हणवणारा हा माणूस वहीत पाखरांची, झाडांची, हरणांची सुरेख चित्रं काढतो, माणसांबद्दल मार्मिक लिहितो. ती वही उघडायची सक्ती नाही. ओमने बरेच दिवस उघडलीच नव्हती. मी म्हटलं, वाच की जरा, काय लिहितोय ते. टोळीतल्या लेनीबरोबर दारू पिऊन घातलेला धिंगाणा पाहून तर तुझी आईसुद्धा हसली. तुझ्या विक्रांतला एक तरी मित्र आहे का? शत्रू चिक्कार दिसले.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, तीही सांगून ठेवतो. खेळात आर्थरच्या इभ्रतीचं मीटर आहे. मासा पकडून परत पाण्यात सोडला की इभ्रत वाढते. रस्त्यातल्या लोकांना रामराम घातला तरी वाढते. म्हणजे सकाळी आगगाडी लुटायची आणि दुपारी मासे सोडत बसायचं. पाप-पुण्याचं पासबुक भरून घेतल्यासारखं. इतक्या समंजस लेखनाला हे शोभत नाही. खरं मोजमाप त्याच खेळात दुसरीकडे आहे. डाउन्सची विधवा एडिथ पुढे अ‍ॅनेसबर्गला भेटते, पोटासाठी शरीर विकताना. मुलगा खाणीत कामाला. आर्थर पैसे घेऊन जातो आणि ती त्याला झिडकारते. पैसे शेवटी घेते, पण त्याने तो निर्दोष ठरत नाही. आणि हे सगळे प्रसंग वगळूनही खेळ पूर्ण करता येतो! मारणं सक्तीचं ठेवलं आणि भरपाई मात्र ज्याची त्याच्यावर सोडली. लेखकाची खरी हुशारी मला इथे दिसली.

ओमने त्यानंतर २०१८ चाच 'गॉड ऑफ वॉर' लावला. त्याचा नायक क्रेटॉस; २००५ च्या पहिल्या खेळातला मी तुझ्या मावसभावाकडे पाहिला होता: अंगाला बायको-मुलीची राख फासलेला, दिसेल त्याला फाडणारा. तुझा विक्रांत त्याच्याच कुळातला आहे. नव्या खेळात तोच माणूस दाढीवाला बाप होऊन येतो. पोराची आई वारलेली, आणि पोराशी बोलायचं कसं ते याला माहीत नाही. सुरुवातीलाच तो पोर, अट्रियस, हरणाची शिकार करतो आणि हादरतो. क्रेटॉसचा हात त्याच्या पाठीमागून खांद्यापर्यंत जातो, तिथे थबकतो आणि परत येतो. देवांना फाडलेला हात आहे तो! नावेत बसून हाच माणूस पोराला गोष्टी सांगतो, त्या तर ऐकच: रंग नाही, रस नाही, दोन-चार वाक्यांत कारभार आटोपला. मी खूप हसलो. पण त्या वाईट गोष्टींतून मला तो जितका कळला, तितका कुठल्याही राक्षसाच्या वधातून कळला नाही.

'विचर ३' तू मला सुट्टीत दाखवला होतास, म्हणून त्याचं थोडक्यात. तिथे मानलेल्या मुलीचं, सिरीचं, शेवटी काय होणार हे नायक गेराल्टच्या तलवारीवर ठरत नाही. ती खचलेली असताना तो तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळला का, त्या जादूगारणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ दिलं का, सम्राटाने तिच्याबद्दल देऊ केलेले पैसे घेतले का, अशा गोष्टींवर ठरतं. आणि खेळताना हे कुणी सांगत नाही. मुलीच्या बापाने खेळावा असा खेळ. तू पुण्याला निघालीस तेव्हा मी हॉस्टेलपर्यंत आलो नाही, ते त्यामुळेच असं समज हवं तर. (कारण अर्थातच माझा गुडघा होता.)

तर विक्रांतचं काय करायचं? बायकोला जगव, निदान तिला नाव दे. त्याला कुणाचं तरी देणं लागू दे; पैशाचं असेल, शब्दाचं असेल. आणि त्याला अशा ठिकाणी उभा कर, जिथे त्याच्या तलवारीचा काही उपयोग नाही. समज, त्याने बहिणीच्या नवऱ्याचं काहीतरी भयंकर नुकसान केलंय, लढाईच्या नादात, आणि आता त्याला बहिणीच्या घरात रात्र काढायची आहे. ती दार उघडत नाही. आत दिवा लागलेला दिसतो. तू त्याला लाथेने दारं फोडायची कला दिली आहेस, सहाव्या पानावर ती दोनदा वापरली आहेस. ती इथे बंद करू नकोस. बटण चालू राहू दे. ज्याला लाथ घालायची त्याने खुशाल घालावी. दार मोडेल, आत जाता येईल, आणि त्यानंतर संपूर्ण खेळात बहीण त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. दुसरं काय करता येईल ते खेळणाऱ्याला शोधू दे. बाहेर बसून राहणं, हाक मारणं, सकाळी तिचं पाणी भरून ठेवणं, निघून जाणं. स्क्रीनवर सूचना देऊ नकोस, मीटर तर मुळीच नको.

हा प्रसंग जमला तर व्रण आणि पाऊस ठेवलास तरी चालेल. पाऊस मलाही आवडतो.

ओमची बारावीची पूर्वपरीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे कंट्रोलर सध्या आईच्या कपाटात आहे आणि माझीही पंचाईत झाली आहे. येत्या शनिवारी शेजारचे पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो, डबे परत दे. नवी पानं छापूनच पाठव, मोबाइलवर वाचताना पेन्सिल चालवता येत नाही. बहिणीचं नाव ठरलं की कळव.

तुझे,
बाबा
मिरज