पुढच्या तारखेचा चेक म्हणजे जमा नव्हे

मा. संपादक,

मार्चअखेर खाती जुळवताना वस्त्रोद्योगातल्या छोट्या पेढ्यांत एकच चूक सारखी सापडते. पुढच्या तारखेचा चेक हातात पडला की लगेच बँकेत जमा लिहून पार्टीचे खाते मिटवले जाते. चेकवरच्या तारखेपूर्वी बँक तो वटवत नाही, म्हणून त्या दिवसापर्यंत तो फक्त वायदा असतो.

समजा, 20 फेब्रुवारीला 60,000 रुपयांचा, 10 एप्रिल तारखेचा चेक आला. त्या दिवशी रोजकीर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या वहीत) काहीच लिहायचे नाही. वेगळ्या रजिस्टरात चेक आल्याची तारीख, पार्टी, बँक, चेक नंबर, चेकवरची तारीख, रक्कम आणि बिल नंबर लिहावा. शेवटचे दोन रकाने भरल्याच्या आणि वटल्याच्या किंवा परत आल्याच्या तारखेसाठी मोकळे ठेवावेत. बँक नावे (डेबिट), पार्टी जमा (क्रेडिट) ही नोंद 10 एप्रिलला करावी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती व्हाउचरवर कंट्रोल-टी दाबून ते पोस्ट-डेटेड केले की तारीख येईपर्यंत खात्यावर परिणाम होत नाही. फेब्रुवारीतच जमा धरले तर 31 मार्चच्या ताळेबंदात बँक शिल्लक 60,000 ने फुगते आणि येणे तेवढेच कमी दिसते. शिवाय आगाऊ रक्कम घेणाऱ्या सेवा व्यावसायिकावर जीएसटीही लवकर येतो, कारण वहीतली नोंद आणि बँकेतली जमा यांतली आधीची तारीख पैसे मिळाल्याची धरली जाते.

चेक परत आला तर मूळ नोंद खोडू नये. परत आल्याच्या तारखेला उलटी नोंद करून पार्टीचे येणे पुन्हा उभे करावे आणि बँकेचा मेमो जपून ठेवावा. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला 15 दिवस मिळतात, आणि ते संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, तक्रार दाखल करायची असते. ‘देतो, देतो’ ऐकत बसण्यातच अनेकांचे हे 30 दिवस निघून जातात. चेकची मुदतही त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने असते. सहा महिन्यांचा नियम 2012 मध्येच गेला.

एक गोष्ट फारशी कुणी पाळत नाही. चेकची तारीख येण्याआधी पार्टीने 20,000 यूपीआयने दिले आणि तरीही 60,000 चाच चेक भरला, तर तो परत आल्यावर कलम 138 चा दावा टिकत नाही. भाग रक्कम मिळाल्याची नोंद चेकवर हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. सोपा मार्ग म्हणजे जुना चेक परत देऊन 40,000 चा नवा घ्यावा.

चेक देणाऱ्यानेही आपल्या वहीत तारीख येईपर्यंत देणे तसेच ठेवावे. ऑक्टोबर 2025 पासून सकाळी भरलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो, त्यामुळे ‘आज चेक लागेल, उद्या पैसे भरू’ हा जुना हिशेब आता चालत नाही. पैसे आदल्या दिवशीच खात्यात हवेत. ‘स्टॉप पेमेंट’ दिले म्हणून कलम 138 मधून सुटका होते, हाही गैरसमज आहे.

लघुउद्योजक पुरवठादाराला 90 दिवसांचा चेक देऊन ‘पेमेंट केले’ समजणारे व्यापारी तर फारच अडचणीत येतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकते करावे लागतात. पुढच्या तारखेचा चेक हातात दिल्याने ही मुदत पाळली गेली असे होत नाही. मुदत उलटून रक्कम वर्षअखेरीस बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो.

– एक हिशेबनीस, इचलकरंजी